कचऱ्यात गेलेला सीन

जुनी रेकॉर्ड संगणकावर घेतली की पहिली इच्छा होते ती सगळी खरखर पुसून टाकण्याची. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बटणं चारच दाबायची असतात. पण खरखर कुठे संपते आणि गाणं कुठे सुरू होतं, हे यंत्राला कोण सांगणार?

आमच्या घरी अब्बांच्या तीसेक एलपी आहेत. बहुतेक ग़ज़ला आणि कव्वाल्या. बेगम अख़्तर सर्वांत जास्त वाजलेली, म्हणून सर्वांत जास्त झिजलेली. अब्बांच्या माघारी 'भंगारात द्या' म्हणणारे कमी नव्हते. माझ्या धाकट्या चुलतभावाने आणि मी त्या डिजिटल करायला घेतल्या. तो हाफ़िज़ आहे, आणि त्याला जन्मापासून दिसत नाही. ऑडॅसिटी तो एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या मदतीने नुसत्या कीबोर्डवर चालवतो. दोन्ही मोफत आहेत. पडद्यावरची लाट मला दिसते. बिघाड मात्र आधी त्याच्या कानाला कळतो.

अर्धी सफाई संगणकाबाहेरच होते. रेकॉर्ड डिस्टिल्ड पाण्याने, मऊ फडक्याने, खाचांच्या दिशेने पुसायची आणि लेबल कोरडं ठेवायचं. ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट लावू नये, लाख विरघळते. टर्नटेबल फोनो प्रीॲम्पमधूनच जोडायचा. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. प्रीॲम्प ते पूर्ववत करतो. तो नसेल तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो.

मग आधी टिकटिक काढायची, नंतर सरसर. 'क्लिक रिमूव्हल' अचानक उसळणारे टोकदार आवाज शोधतं. पण कव्वालीतली टाळीही टोकदारच असते. जोर वाढवला की टाळ्या बोथट होतात. म्हणून मोठा ओरखडा असेल तिथे आम्ही 'रिपेअर' वापरतो. ते एका वेळी जास्तीत जास्त १२८ सॅम्पल दुरुस्त करतं, म्हणजे ४४,१०० हर्ट्झच्या फाइलमध्ये जेमतेम तीन मिलिसेकंद. वेळखाऊ काम आहे, पण टाळी शाबूत राहते.

सरसर काढण्यासाठी 'नॉइज रिडक्शन'. गाणं सुरू होण्याआधी सुई रिकाम्या खाचेतून फिरते, तेवढे दोन-तीन सेकंद निवडून नॉइज प्रोफाइल घ्यायचं. मग पूर्ण गाणं निवडून कपात करायची. आम्ही ६ डेसिबलवर थांबतो. कारण माझ्या भावाने दाखवून दिलं.

तो म्हणाला, "आपा, इथे सीन गेला."

स, श, फ़, ख़ ही अक्षरं म्हणजे तोंडातून घासत निघणारी हवा. तीही एक प्रकारची सरसरच, आणि तिचा बराच भाग वरच्या सुरांमध्ये असतो. यंत्राला रेकॉर्डची सरसर आणि गाणारीचा सीन यांतला फरक कळेलच असं नाही. तजवीद शिकताना ज्याने एकेका हर्फ़चा मख़रज घोटला आहे, त्याला तो कळतो. मी वर्गात मुलांचा तलफ़्फ़ुज़ सुधारण्यासाठी हीच गाणी लावते. सीनच नसेल तर शिकवू काय?

यावर एक साधी युक्ती आहे. त्याच चौकटीत 'रेसिड्यू' हा पर्याय आहे. तो निवडला की जे काढलं जाणार आहे, तेवढंच ऐकू येतं. त्या कचऱ्यात शब्द ऐकू आले तर हात आवरायचा. मूळ, न पुसलेली फाइलही फ्लॅकमध्ये वेगळी ठेवायची. उद्या कुणी याहून चांगली साफसफाई करू शकेल.

बेगम अख़्तरचा आवाज वरच्या सुरावर किंचित फाटायचा. ऐकणारे त्या फाटण्याचीच वाट बघत. गुळगुळीत आवाज हवा असणाऱ्याला तो दोष वाटेल.

मला हे काम भाषेच्या वर्गासारखं वाटतं. घरी दखनी बोलणाऱ्या पोराला उर्दूवाला म्हणतो, तुझी उर्दू अशुद्ध. मराठीवाला म्हणतो, तुझ्या मराठीत उर्दू फार. दोघेही सफाई करायला बसलेले. पण मराठीतून कागद, वकील, बाजार, जमीन काढून टाका आणि मग कोर्टात सात-बाराचा दावा लढून दाखवा.

शुद्धीकरणाला माझी ना नाही. धूळ ती धूळच. फक्त पुसण्याआधी एकदा, काय काढून टाकतोय ते ऐकावं.