तौबा

परीक्षेच्या तोंडावर मी एका मित्राची टिपणवही लपवली होती. पुढे रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री मशिदीत रडून क्षमा मागितली व हलक्या मनाने घरी आलो. आजीला सारे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "बेटा, वही कुठाय?"

'तौबा' या अरबी शब्दाचा अर्थच परतणे. १३व्या शतकातील इमाम नववींनी तिच्या तीन अटी सांगितल्या आहेत : पाप सोडणे, पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. माणसाचा हक्क बुडवला असेल तर चौथी : तो त्याचा त्याला परत करणे.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मित्राच्या दारी गेलो. अल्लाहपुढे वाकणे सोपे होते. त्या उंबरठ्यावर मान वर होईना. त्याने वही घेतली, पण तो बोलला नाही. त्याची क्षमा अजून मिळायची आहे. ती मागण्याचे धैर्य मात्र आजीच्या त्या प्रश्नाने दिले.