खोलीचंही माती परीक्षण

आज पिकाचं नाही, आवाजाचं सांगतो. पण वळण शेवटी शेतीकडंच आहे.

वडिलांची एक कॅसेट आहे. काठीच्या राजवाडी होळीला गेलो होतो तेव्हा भरलेली. ढोल, पावरी आणि मधे वडिलांचं गाणं. वडील आता नाहीत. पुतण्याने ती मोबाईलमध्ये उतरवली आणि नव्या घरात मोठे स्पीकर लावून आईला ऐकवली. आई म्हणाली, "नुसता ढोल घुमतोय रे. त्यांचा आवाज कुठंय?" मी आवाज वाढवला, ढोल अजून घुमला. वाटलं, म्हातारीचे कान गेले. कानाच्या मशीनसाठी पैसेही बाजूला काढले.

पुतण्या म्हणाला, "काका, आधी खोली मोजू." त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला छोटा माईक लागतो. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर माईक ठेवायचा. मशीन जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत आवाज सोडतं, माईक ऐकतो. सोडला किती आणि पोचला किती, याचा फरक काढून मशीन फुगलेला सूर तेवढाच खाली दाबतं. माईक सहा-सात जागी फिरवला. माती परीक्षणाला आपण एकाच खड्ड्यातली माती घेत नाही, तसंच.

दोष सापडला. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. आमची खोली १२ बाय १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून सुमारे ४७ आणि त्याच्या दुप्पट ९४ हर्ट्झचे जाड सूर एकमेकांवर चढतात. खोली चौरस, म्हणून तेच सूर दोन्ही बाजूंनी फुगतात. त्यात स्पीकर कोपऱ्यात, मग ढोल आणखी जाड. जुन्या घराला कुडाच्या भिंती आणि वर कौलं होती, जाड आवाज बाहेर निघून जायचा. स्लॅब आणि सिमेंट त्याला सोडत नाही.

पण मशीन सगळं करत नाही. फुगवटा दाबता येतो. जिथं सूर आपटून एकमेकाला मारून टाकतात, तिथं आवाज वाढवून उपयोग नाही. मुरमाड तुकड्यात खत ओतल्यासारखं ते वाया जातं. तिथं बसायची जागाच बदलावी लागते. टाईल्सचा खणखणाटही मशीनने जात नाही.

म्हणून फुकटातली कामं आधी केली. स्पीकर कोपऱ्यातून दोन-अडीच फूट पुढे घेतले, खाट मागच्या भिंतीपासून सरकवली, दोन भिंतींवर गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी टाकली. मग परत मोजलं आणि उरलेलं मशीनवर सोपवलं. आधी बांधबंदिस्ती, मग खत.

कॅसेट परत लावली. ढोल जागेवर बसला. आई थोडा वेळ गप्प होती. मग वडिलांच्या मागोमाग ओठ हलवायला लागली. एकेक शब्द तिला येत होता.

पान पिवळं दिसलं की आपण युरियाची गोणी उघडतो. पाणी साचलंय की मुळं सडलीत, बघत नाही. मी घरात तेच केलं. दोष खोलीत होता आणि इलाज आईच्या कानावर करायला निघालो होतो.

तिला बहिरी समजून महिनाभर ओरडून बोलत होतो, हे मात्र अजून तिला सांगितलेलं नाही.