बंदूक खोटी, बॅटरी खरी!

टोकियोला जाऊन अकिहाबारा न बघणं म्हणजे पुण्यात येऊन लक्ष्मी रोड चुकवण्यासारखं! स्टेशनच्या ‘इलेक्ट्रिक टाउन’ एक्झिटमधून बाहेर पडलात की समोर आठ-आठ मजली दुकानं, ॲनिमेची भलीमोठी होर्डिंग्ज आणि कान किटवणाऱ्या जिंगल्स. बहुतेक टुरिस्ट तळमजल्यावरच खेळणी, की-चेन्स घेतात, चार फोटो काढतात आणि कटतात. तुम्ही जरा वर चढा. तीन माणसं आणि एक सॅक एवढंच मावेल अशा लिफ्टनं चौथ्या-पाचव्या मजल्यावर गेलात, की एकदम भिंतभर रायफली!

दचकू नका, सगळ्या खोट्या आहेत. याला म्हणतात एअरसॉफ्ट, आणि हा फंडा मूळ जपानचाच. इथं सामान्य माणसाला खरं पिस्तूल मिळणं जवळपास अशक्य, म्हणून ७०-८० च्या दशकात प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या हुबेहूब प्रतिकृती आल्या. १९९१ मध्ये टोकियो मारुई कंपनीनं फामास ही पहिली इलेक्ट्रिक रायफल काढली आणि खेळच बदलला. आतला मामला आपल्या मिक्सरच्या जातकुळीतला. ट्रिगर दाबला की मोटर फिरते, गिअर पिस्टनला मागे ओढतात, स्प्रिंग दाबली जाते आणि सुटली की हवेच्या फटक्यानं ६ मिलिमीटरची गोळी बाहेर. हे सगळं चालतं दस्त्यात किंवा पुढच्या नळकांड्यात लपवलेल्या एका बॅटरीवर.

माझा पुण्याचा एक मित्र निशी-कासाईत राहतो. टोकियोतल्या आयटीवाल्या भारतीयांचा हा लाडका एरिया. गडी सोमवार ते शुक्रवार बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो आणि रविवारी झाडामागे लपून लोकांवर गोळ्या झाडतो. त्याच्याबरोबर दुकानात शिरले, तर पठ्ठ्या बंदुकांकडे ढुंकूनही न बघता थेट बॅटऱ्यांच्या शेल्फसमोर. काउंटरवरच्या आजोबांनी मग आमचा क्लासच घेतला. ते जपानीत, मित्र मराठीत!

नवशिक्यानं निकेल-मेटल-हायड्राइड घ्यावी, हे त्यांचं ठाम मत. १.२ व्होल्टचे सात सेल, म्हणजे ८.४ व्होल्ट. जरा जड, जरा सुस्त, पण सोशिक. चार्जर मात्र बॅटरी भरली की आपोआप थांबणारा हवा. जुन्या निकेल-कॅडमियमला आधी पूर्ण रिकामी करून मग चार्ज करायची सवय लागायची, कारण तिला ‘मेमरी’चा आजार होता. लिथियम पॉलिमर म्हणजे लिपो ही आजची हिरॉइन. हलकी, चपळ, ट्रिगर दाबताक्षणी हजर. पण नखरे विचारू नका! प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर नेायचा नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही. चार्जर बॅलन्सवालाच हवा, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरतात. करंट क्षमतेच्या आकड्याएवढाच: १३०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी असेल तर १.३ अँपिअर, तासाभराचं काम. आणि निकेलचा चार्जर लिपोला कधीच लावायचा नाही.

मी इंडियाची म्हटल्यावर आजोबांनी एक स्वस्तातला चार्जर उलटा करून लेबलवर बोट ठेवलं. फक्त १०० व्होल्ट. जपानची वीज तेवढीच असते. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये हा खोचला तर चार्जरचा धूरच! तेव्हा अकिहाबारात काहीही इलेक्ट्रिक घेताना आधी लेबल बघा, मग डिस्काउंट. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

रविवारी सकाळी अकिहाबाराहूनच सोबू लाइनची पिवळ्या पट्ट्याची लोकल पकडून आम्ही चिबाकडे निघालो. टोकियोकरांची बरीच मैदानं या शेजारच्या प्रांतात आहेत. बंदूक बंद केसमध्ये. रस्त्यात, गाडीत ती बाहेर काढली तर पोलिसांशी गाठ! मैदानात पोचल्यावर पहिलं काम टेस्टिंग. २००६ मध्ये जपाननं कायदा कडक केला. मोडतोड करून ताकद वाढवलेल्या बंदुकांचे उपद्रव वाढले होते. तेव्हापासून मर्यादा ०.९८ ज्यूल, म्हणजे ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ९९ मीटरपर्यंत. जास्त भरली तर आज खेळायचं नाही, विषय कट. गॉगलशिवाय आत पाऊल नाही. गोळी लागली की लागलेल्यानंच ‘हिट्टो!’ ओरडून बाहेर पडायचं, अंपायर वगैरे कुणी नाही. आपल्या गल्ली क्रिकेटमधल्या ‘बॅट लागलीच नाही’वाल्यांचं इथं काही खरं नाही. मला जाम आवडलं ते हेच!

संध्याकाळी थकून सगळे टेबलांवर बसतात आणि मग अर्धा तास चक्क शांतता. आधी मॅगझिन काढायचं, आत अडकलेली गोळी ठरलेल्या जागी मारून मोकळी करायची, शेवटचा शॉट सेमीवर, म्हणजे स्प्रिंग ताणलेली राहत नाही. मग बॅटरीची वायर सोडवायची. लिपो तशीच जोडून घरी नेली तर ती हळूहळू मरते. गोळीला फिरकी देणारं हॉप-अपचं रबर सैल करायचं, नळी दांड्याला कापड गुंडाळून कोरडी पुसायची. सिलिकॉन ऑइल? एखादा थेंब, आणि रबराला तोही नाही. गल्लीत स्कूटर धुणाऱ्या काकांची आठवण यावी इतकी माया!

खरी परीक्षा घरी. मित्राचा फ्लॅट इतका छोटा की बेडवरून हात लांबवला तर फ्रिज उघडतो. पातळ भिंतीपलीकडे एक म्हातारं जोडपं, वर दोन मुलांचं कुटुंब. इथं बॅटरी पेटली तर ती एकट्याची राहत नाही. लिपोची आग भडकते फटकन आणि विझते मुश्किलीनं. म्हणून वहिनींनी घातलेले नियम कडक आहेत. चार्जिंग झोपायच्या आत संपलं पाहिजे. बॅटरी न पेटणाऱ्या पिशवीत, पिशवी बाथरूमच्या फरशीवर, आणि माणूस समोर. एकदा हा आंघोळीसाठी चार्जर हॉलमध्ये ठेवून गेला होता. परत आला तर वहिनींनी वायर काढून ठेवलेली. त्यावर अपील नाही.

त्या रात्री तो फरशीवर मांडी घालून आकडे बघत होता. पुढचा गेम तीन आठवड्यांनी, म्हणून फुल चार्ज नाहीच. सेलमागे ३.८ व्होल्टवर थांबवली आणि काढली. दुसरी बॅटरी मधोमध पोळीसारखी टम्म फुगलेली. तिला चार्जर नाही की कचऱ्याची बादली नाही. बादलीतून ती कचरागाडीत जाते, दाबली जाते आणि गाडी पेटते. जपानमध्ये हे वारंवार घडतं. त्यानं तिच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा बाल्कनीत नेला.

‘‘वॉर्ड ऑफिसला विचारून ये कुठे द्यायची ते,’’ वहिनी आतून म्हणाल्या. ‘‘आणि ती जाईपर्यंत नवी घरात येणार नाही.’’