प्लेटबाहेर शेपटी

शुक्रवारी दुपारी एक वाजता फोर्टातल्या एखाद्या नावाजलेल्या लंच होममध्ये चटकन रिकामं टेबल मिळवून दाखवा, आमच्याकडून पार्टी! कारण साधं आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्तगुरूंचा, शनिवार मारुतीचा. वार पाळणाऱ्या मासेखाऊच्या हातात उरतात तीनच दिवस. त्यातला रविवार घरच्या कालवणाचा. मग ऑफिसवाल्यांची सगळी भूक बुधवार-शुक्रवारवर तुटून पडते.

लंच होम हा खास मुंबईचा फंडा. मंगळूर-उडुपीकडून आलेल्या मंडळींनी इथल्या नोकरदारांसाठी चालवलेली ही खाणावळ. गस्सी, नीर डोसा, रवा लावून कुरकुरीत तळलेला मासा, आणि हात धुऊन येईपर्यंत टेबलावर बिल. कावसजी पटेल स्ट्रीटवरचं महेश लंच होम तर आता मासे न खाणाऱ्यांनाही ठाऊक आहे. चवीला तोड नाही. पण दिसणं? पितळेच्या, स्टीलच्या वाटीत लाल रस्सा आणि त्यात बुडालेला मासा. आत काय आहे ते चमचा फिरवल्यावर कळणार.

नेमका यावरच आमच्या टीममधल्या कोलकात्याच्या कन्येने बाँब टाकला. "तुम्ही लोक मासा खातच नाही, मसाला खाता," ती म्हणाली. "मासा इतका चांगला असेल तर लपवता कशाला?"

बॉस, हे लागलं! तिची बंगळुरूला बदली झाली होती आणि हातात होते जेमतेम तीन आठवडे. मुंबईच्या समुद्राबद्दल हे मत घेऊन ती जाणार, म्हणजे आमची इज्जत गेलीच. मग ठरलं. मासा ताजा हवा, मसाल्याआड लपलेला नको, आणि समोर आल्यावर बघत राहावं असा दिसायला हवा. अशी जागा शोधायची.

फोटोत छान, घासात काय?

पहिला नंबर लागला मॉलमधल्या एका चकाचक रेस्टॉरंटचा. नाव राहू दे. काळ्या पाटीवर अख्खं पापलेट उभं करून आणलं होतं. बाजूला सॉसचे ठिपके, वर खायचं फूल, कोवळ्या पानांचा झुबका. सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले. फोटो झक्कास आला. घास मात्र कापसासारखा. बर्फात किती दिवस काढले होते, त्या पापलेटलाच माहीत.

फोटो पुन्हा बघताना आमच्यातल्या एकाचं लक्ष गेलं. पापलेटच्या शेजारी कुणाचा तरी मोबाइल होता आणि दोघांची लांबी जवळपास सारखीच होती!

इथे जरा सीरियस होऊ या. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेटसाठी ती आहे १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. त्याहून लहान मासा धरायचाच नाही. तुमच्या खिशातला मोबाइल बहुधा यापेक्षा लांब असेल. मग विचार करा, ही मर्यादा किती कमी आहे! जून-जुलैमध्ये मासेमारी बंद ठेवतात तीही याचसाठी. माशांना अंडी घालायला आणि पिल्लांना वाढायला उसंत मिळावी.

आता हॉटेलचं गणित बघा. मोठं पापलेट आणलं तर तुकड्या कराव्या लागतात आणि तुकड्या फोटोत दिसत नाहीत. प्रत्येक पाहुण्यासमोर अख्खा, एकसारखा, बशीत नेमका मावणारा मासा ठेवायचा तर तो लहानच हवा. धंद्यात त्याला 'प्लेट साइझ' असा शब्दच आहे. म्हणजे आपण ज्याला सुंदर प्रेझेंटेशन म्हणतो, त्याची किंमत समुद्रात मोजली जाते. पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या सातपाटीच्या कोळ्यांना विचारा. लहान पापलेट आज जाळ्यात आलं तर उद्याचं मोठं पापलेट येणार कुठून?

पहाटेची शाळा

उत्तर रेस्टॉरंटमध्ये मिळेना, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला कुलाब्याच्या ससून डॉकवर गेलो. १८७५ चा हा धक्का. मुंबई झोपेत असताना इथे टोपल्या, बर्फाच्या लाद्या आणि लिलावाचा कल्ला. चपला घालून गेलात तर चपलांना रामराम म्हणा. एका कोळीणबाईंनी आमच्या कोलकातावालीची शिकवणीच घेतली. डोळे पाणीदार आणि फुगीर हवेत. कल्ले उचलून बघायचे, आत लालबुंद हवेत. बोट दाबल्यावर खड्डा पडून राहिला तर मासा परत ठेवायचा. "आणि पोरी, चिंबोरी घेशील तर हातात तोलून बघ. हलकी लागली तर आत पाणी."

कोलकातावाली घरी मासे बघूनच मोठी झालेली. ती बाईंशी मोडक्या हिंदीत पंधरा मिनिटं वाद घालत होती. निघताना म्हणाली, "मासा मस्त आहे. आता याला कोण बिघडवत नाही ते दाखवा."

काळ्या घोड्याच्या मागे

तर मंडळी, मुक्काम पोस्ट काळा घोडा. एडवर्ड राजाला पाठीवर घेतलेला मूळ घोडा १९६५ मध्ये इथून हलला आणि राणीच्या बागेत गेला. २०१७ मध्ये त्याच्या जागी नवा घोडा आला, तो स्वाराविना. ऱ्हिदम हाऊसही २०१६ मध्ये बंद झालं. तिथून जवळच्या साईबाबा मार्गावर कॉमर्स हाऊसला लागून 'तृष्णा' आहे. ही कुणाला न सापडलेली जागा नव्हे. इथले मासे खायला परदेशी पाहुणेही येतात. २००८ मध्ये याच नावाचं रेस्टॉरंट लंडनमध्ये उघडलं आणि २०१२ मध्ये त्याला मिशलिन स्टार मिळाला. आम्ही मात्र रोज ऑफिसला येता-जाता या गल्लीवरून सरळ पुढे जात होतो. गल्ली अरुंद, पाटी साधी, आत टेबलाला टेबल लागलेलं. मॉलवाला झगमगाट अजिबात नाही.

इथली फेमस डिश म्हणजे बटर-पेपर-गार्लिक क्रॅब. वेटरदादा आधी जिवंत चिंबोरी टेबलापाशी घेऊन आले. काळपट हिरवी, नांग्या बांधलेली, डोळे वटारून आमच्याकडे बघणारी. एकजण खुर्चीसकट मागे सरकला. कोलकातावालीने मान डोलावली. पसंत!

काही वेळाने तीच चिंबोरी परत आली ती शेंदरी लाल होऊन. यात खायचा रंग वगैरे काही नाही. तो लाल रंग कवचात आधीपासूनच असतो, प्रथिनांनी बांधून ठेवलेला. आच लागली की ती बांधणी सुटते आणि रंग बाहेर येतो. त्यावर लोण्याची चकाकी, बारीक लसणाचे सोनेरी कण, भरड काळी मिरी. बस्स. ना फूल, ना ठिपके. मेकअप न करता लग्नात सगळ्यात उठून दिसणारी एखादी मुलगी असते ना, तसं! आणि लोणी, लसूण, मिरी यांच्याआड काही लपत नाही. मांस गोडसर आहे की नाही, ते पहिल्याच घासाला कळतं.

ते गोड होतं. पुढची दहा मिनिटं टेबलावर फक्त नांग्या फुटल्याचे आवाज.

मग पाळी पापलेटची. वेटरदादांना विचारलं, "चौघांना चार छोटी की एक मोठं?" ते हसले. "मोठंच घ्या साहेब. छोट्यात काटा आणि कातडीच जास्त." हैदराबादी पद्धतीचं, काळ्या मिरीतलं पापलेट आलं. अख्खं, रुंद, शेपटी प्लेटच्या बाहेर. चौघांच्या मधोमध ठेवलं आणि चारी बाजूंनी हात पडले. मॉलमधल्या चार बशा शेजारी मांडल्या असत्या तरी या एका माशापुढे फिक्या पडल्या असत्या.

निकाल? "चिंबोरीला पैकीच्या पैकी," कोलकातावाली बोटं चाटत म्हणाली. "पापलेटला एक मार्क कमी." का? "इलिश नाही म्हणून!" एवढं चालायचंच. बंगळुरूहून तिचा पहिला मेसेज आला तो असा: इथे मोठं पापलेट कुठे मिळतं?

तुम्ही जाणार असाल तर

टेबल आधी बुक करा. सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरून चालत जाता येतं. चिंबोरीचा भाव मेन्यूत शोधू नका. तो आकारावर असतो, तेव्हा जिवंत चिंबोरी दाखवायला आणतील तेव्हाच विचारून घ्या आणि शक्यतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा. अमावास्येच्या सुमारास चिंबोरी भरलेली असते असं कोळीवाड्यात सांगतात, तेही लक्षात ठेवा. पांढरा शर्ट घालू नका.

आणि कुठेही गेलात तरी ऑर्डर देताना एक प्रश्न नक्की विचारा: "मासा केवढा आहे?" बशीत नेमका मावणारा असेल, तर दुसरं काहीतरी मागवा.