मूडबिद्री ते श्रवणबेळगोळ : वर्षायोगानंतरची घाटवाट

दिवाळीच्या सुमारास वर्षायोगाची सांगता होते आणि मुनिसंघांची पावले पुन्हा विहाराच्या मार्गाला लागतात. तुळुनाडातील मूडबिद्रीहून सह्याद्री ओलांडून श्रवणबेळगोळला जाणारा मार्ग श्रावकाने पाहावा तोही याच दिवसांत. चार्माडी घाटाचे खरे सौंदर्य पावसाळ्यात, असे पर्यटक सांगतात. धबधबे तेव्हाच असतात, हे नाकारता येत नाही. परंतु माती, पाणी आणि हिरवळ जीवांनी भरलेली असताना भ्रमण थांबवावे, हा नियम जणू फक्त साधूंसाठीच असल्याप्रमाणे गृहस्थ नेमक्या त्याच महिन्यांत गाडी बाहेर काढतो. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. कार्तिक-मार्गशीर्षात धबधबे आटलेले असतात, पण रान ओले असते, आकाश निवळलेले असते आणि दरीचा तळ दिसतो.

मूडबिद्रीत बहुतेक यात्रेकरू सन १४३० ची ‘साविर कंबद बसदी’, म्हणजे हजार खांबांचे चंद्रनाथ मंदिर, पाहून तासाभरात निघतात. उतरत्या छपरांची ही वास्तू मुसळधार पावसाच्या प्रदेशाला साजेशी आहे, आणि तिचे खांब एकेक करून पाहायचे तर सकाळ पुरत नाही. तथापि या गावाचे मोठे ऋण दगडात नाही, ताडपत्रांत आहे. षट्खंडागमावरील धवला आणि कषायपाहुडावरील जयधवला यांच्या हळेकन्नड लिपीतील प्रती येथील सिद्धांत बसदीत शतकानुशतके जपल्या गेल्या. दीर्घकाळ त्यांचे केवळ दर्शन घडे, वाचन नव्हे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रतिलिपी होऊ लागल्या आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला धवलेचा पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. महाराष्ट्रातील स्वाध्यायी श्रावकाने मूडबिद्रीत तासाभरापेक्षा अधिक थांबावे, याला एवढे कारण पुरेसे आहे.

मूडबिद्रीच्या उत्तरेस कारकळची ४२ फुटी बाहुबली मूर्ती आहे, सन १४३२ ची. पूर्वेस फल्गुनी नदीकाठी वेणूरची, सन १६०४ ची. धर्मस्थळाची मूर्ती तर विसाव्या शतकातली. ती कारकळला घडवून याच भागातील रस्त्यांवरून वाहनाने नेली गेली. या तिन्ही क्षेत्रांमधील वाट सुपारीच्या बागांतून जाते. प्रत्येक पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल चढलेला असतो, अंगणाअंगणांत सुपारी वाळत पडलेली असते. बाहुबलींच्या मांड्यांवर आणि बाहूंवर कोरलेली वेल शिल्पकाराला कोठे दिसली असेल, हा प्रश्न येथे पडत नाही.

उजिरे मागे पडले की चार्माडी गाव येते आणि रस्ता वर चढू लागतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नेत्रावतीच्या खोऱ्याकडे उतरणारे दाट रान. वळणे इतकी अरुंद की समोरून मोठे वाहन आले तर एकाला थांबावेच लागते. वर गेल्यावर गवताळ माथे दिसतात आणि त्यांच्या घळींत काळपट हिरव्या रानाचे पुंजके. पायी जाणाऱ्या संघालाही सह्याद्री असाच कुठल्यातरी घाटाने चढावा लागतो. ईर्यासमिती पाळणारा साधू चार हात पुढची भूमी पाहत चालतो. दरीकडे त्याची नजर जात नाही. गाडीतल्याची नजर मात्र दरीवरच असते, आणि अशा वळणावर धोका नेमका तेथे आहे. घाटात पिंछी-कमंडलू दिसले तर गाडी थांबवून संघाला वाट द्यावी, कर्कश भोंगा तर मुळीच वाजवू नये. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी दुपारीच घाट चढावा. संध्याकाळी कोट्टिगेहार येथे धुके उतरले की उजेड अवेळी सरतो.

तेथून मुडिगेरेपर्यंत कॉफीचे मळे लागतात. सिल्व्हर ओकच्या सावलीत झुडपांवर लाल फळे धरलेली असतात आणि मजुरांचे जथे ती वेचत असतात. याच तालुक्यातील अंगडी हे लहानसे गाव म्हणजे होयसळांचे मूळस्थान सोसेवूर. तेथे जुन्या बसदी आहेत, पण मुख्य रस्ता सोडून तिकडे वळणारे थोडेच. सुदत्त मुनींनी ‘होय, सळा’ म्हणताच सळाने वाघाला मारले, अशी या राजवंशाची कथा. अहिंसा महाव्रत घेतलेल्या मुनींच्या तोंडी असा आदेश कसा आला, हे कोडे त्या बसदीसमोर उभे राहिल्यावर अधिकच अवघड वाटते. बहुधा ही कथा मुनींच्या धर्मापेक्षा राजाच्या गरजेतून जन्मली असावी.

बेलूर सर्वांनाच ठाऊक असते. हळेबीडला मात्र बरेच जण होयसळेश्वर पाहून परततात आणि जवळच्या बस्तिहळ्ळीतील सन ११३३ ची पार्श्वनाथ बसदी राहून जाते. तिचे खांब इतके गुळगुळीत आहेत की त्यांत पाहणाऱ्याचे प्रतिबिंब उमटते.

हासनच्या पुढे डोंगर संपतात. कापणीला आलेली नाचणी, नारळाच्या रांगा, तळी आणि चन्नरायपट्टणचा बाजार एवढे ओलांडले की विंध्यगिरीच्या माथ्यावर बाहुबलींचे मस्तक दिसू लागते. सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढून वर गेल्यावर ५७ फूट उंचीच्या त्या मूर्तीच्या चरणांजवळ दोन मराठी ओळी कोरलेल्या आढळतात. पहिली सांगते की मूर्ती चामुंडरायाने करविली. दुसरी नंतरची, बाराव्या शतकातील गंगराजाच्या कामाविषयीची. मूर्तीभोवतीचा ओवऱ्यांचा परिसर त्याने बांधविला. त्या परिसरासाठी तेथे ‘सुत्ताले’ असा शब्द योजला आहे. वाक्य मराठी, शब्द कानडी.