पत

मराठीत ‘पत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : व्यवहारातील उधारीची योग्यता आणि चारचौघांतील अब्रू. हे दोन अर्थ मुळात एकच, ही गोष्ट मी शब्दकोशात वाचण्यापूर्वी आईच्या शिलाई मशीनपाशी शिकलो.

१९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७२ साली दुर्बल घटकांसाठी ४ टक्के व्याजाची, तारणाची अट नसलेली कर्जयोजना निघाली. तोवर आईला ठाऊक असलेला सावकार सोने ठेवून घेई. आणि आमच्या घरी मंगळसूत्राखेरीज सोने नव्हते. त्या कर्जातून मशीन आले. हप्ता भरून परतताना आई पासबुक पदराआड न लपविता हातात धरून गल्लीतून येई. मशीन ‘सरकारने दिले’ असे तिने कधीही म्हटले नाही. ‘कर्ज काढून घेतले’ असेच ती सांगे.

पुढे अध्यापनाच्या निमित्ताने मी दिल्लीत स्थायिक झालो. विद्यापीठाच्या भिंतीलगत एक चांभार बसत असे. टाळेबंदीने त्याची शिल्लक संपली. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी १०,००० रुपयांच्या विनातारण कर्जाची ‘स्वनिधी’ योजना आली, तेव्हा त्याचा अर्ज मी भरून दिला. वर्षभरात त्याने कर्ज फेडले. २०,००० रुपयांचे दुसरेही मिळाले. ‘आता बँकेत माझी साख आहे’, असे तो हिंदीत म्हणाला, तेव्हा मला आईचे पासबुक आठवले.

एका सकाळी ती जागा रिकामी दिसली. अतिक्रमण म्हणून त्याची पेटी उचलून नेली होती. पथविक्रेत्याला हलविण्यापूर्वी ३० दिवसांची सूचना द्यावी, असे २०१४ चा कायदा सांगतो. त्याला सूचना मिळाली नव्हती. कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते.

एका हाताने शासन माणसाची पत उभी करते आणि दुसऱ्या हाताने ती ज्या चार हात जमिनीवर उभी असते ती काढून घेते; या दोन हातांची परस्परांशी ओळख नसावी, याचे मला वैषम्य वाटते. आईचे मशीन घरात होते. तिच्या पायाखालची फरशी कोणी मागितली नाही.

तो पुन्हा माझ्याकडे आला, तो कर्जासाठी नव्हे, जागेसाठी अर्ज लिहून घ्यायला. लिहिताना पहिला अर्ज आठवला. त्यात धंद्याच्या ठिकाणाचा रकाना होता आणि तो मीच भरला होता : ‘भिंतीलगत, कडुनिंबाखाली’. बँकेने तो पत्ता मान्य केला होता.