तुरटीचा खडा

आमच्या मोरीच्या कोनाड्यात तुरटीचे दोन खडे असत. एक वडिलांच्या दाढीचा, दुसरा पाण्याचा, आणि त्यांची अदलाबदल आजीला खपत नसे. पावसाळा लागला की कृष्णेला तांबडं पाणी येई. आजी हंड्यात खडा गरागरा फिरवी, वर झाकण ठेवी आणि आपल्या कामाला लागे. तिच्या आईच्या वेळी मडक्याला आतून निवळीचं बी घासत म्हणे. मला मध्येच झाकण उघडून बघायची हौस. पिंजलेल्या कापसासारखे गाळाचे पुंजके खाली उतरत असायचे. "ढवळू नको रे, बसू दे त्याला!"

त्यामागचं कारण कॉलेजात कळलं. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम तो भार मारतं. कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि बसतात.

पुढे मी या खड्यावरच पोट भरायला लागलो. छोटी कंपनी आहे आमची; नगरपालिकांची जलशुद्धीकरण केंद्रं आणि सोसायट्यांचे सांडपाणी शुद्ध करणारे प्लँट (एसटीपी) चालवायला घेतो. प्लँट बांधला की नारळ फुटतो, संगमरवरी पाटी लागते. तो रोज चालवण्याचं टेंडर मात्र सगळ्यात कमी दरवाल्याला. इतक्या कमी दरात भागवायचं तर काटछाट कुठे होते? तुरटीत आणि ऑपरेटरच्या पगारात. बिलं अडकतात ती वेगळीच.

जुलैतल्या रात्री नदी चढली की तुरटीचा डोस ठरवायला जार टेस्ट लावायची. एक-एक लिटरचे सहा बीकर, 20 पासून 70 मिलिग्रॅमपर्यंत चढता डोस. मिनिटभर पाती जोरात फिरतात, मग हळू, मग बंद. आमचा जुना ऑपरेटर मागे बॅटरी धरून वाकून बघतो. पहिल्या दोघांत नुसता धुरळा, सहाव्यात उगाच जास्तीची तुरटी. "साहेब, चौथा." तुरटीनं पाण्याची अल्कलिनिटी खाल्ली असेल तर चुना द्यायचा. मग फिल्टर, मग क्लोरीन. कारण नितळ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असतात. आयएस 10500 नुसार गढूळपणा 1 एनटीयूच्या आत हवा.

सांडपाण्याला नुसती तुरटी पुरत नाही, हे सोसायट्यांना पटवणं अवघड. एका चेअरमननी फोन केला, "उद्या सँपल न्यायला येतायत, थोडी तुरटी मारा की." सांडपाण्यात विरघळलेली घाण तुरटीला फारशी दाद देत नाही. ती जिवाणूंनी खायची असते, आणि त्यांना हवा लागते ती चोवीस तास. पण ब्लोअरचा आवाज होतो, विजेचं बिल येतं. म्हणून रात्री कुणीतरी तो बंद करतो आणि सकाळी वास आला की फोन मला. पाणी वरून नितळ झालं तरी बीओडीची, म्हणजे जिवाणूंनी खायच्या घाणीची, तपासणी 27 अंशांवर तीन दिवस चालते. तिथे सगळं बाहेर पडतं.

हल्ली बऱ्याच ठिकाणी तुरटीऐवजी पॅक (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराईड) वापरतो. गाळ कमी, चुन्याची कटकट कमी; मीच तसं सुचवतो. यंदा नव्या इंजिनिअरला पावसाळ्यात रात्रपाळी दिली. डोसिंग पंप ऑटोमॅटिक असताना जागायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. मी उत्तर द्यायच्या आतच ऑपरेटरनं सहाही बीकर त्याच्यापुढे सरकवले. "आधी हे धुऊन आणा, साहेब. नदी चढतीय."